आधी पेशंटचा बाक बघा, मग बिल्डिंग

(प्रभागसंघाच्या तिमाही सभेत तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या एका दंतवैद्य ताईंनी केलेलं भाषण. त्या दिवशी पेरणीमुळे बऱ्याच सख्यांना येता आलं नाही. त्यांच्यासाठी ते जवळपास बोलल्याप्रमाणेच इथे देत आहोत. – संपादक मंडळ)



मला बोलावलं होतं ते मिसरीवर बोलायला. ते मी पुढच्या सभेत बोलणार आहे, सुटका नाही. आज मात्र विषय बदलून मागितला, कारण गेल्या वर्ष-दोन वर्षांत आपल्या गटांमधल्या काही जणी माझ्याकडे येतात त्या दात दाखवायला नाही, मोबाईल दाखवायला. मुलीला नीटमध्ये मार्क पडलेले असतात, एमबीबीएसला थोडक्यात हुकलेलं असतं, आणि बीडीएसला, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीला, दोन किंवा तीन ठिकाणी नंबर लागलेला असतो. "डॉक्टर, कुठं टाकू?" आणि उत्तर हवं असतं परवापर्यंत, कारण प्रवेशाची मुदतच तेवढी असते.

माझ्या वेळी प्रश्न एवढाच होता की मुलीला पाठवायचं की नाही. आता कुठं पाठवायचं हा प्रश्न आलाय. चांगलंच आहे. पण चुकीचं ठरलं तर घर दहा वर्षं फेडत बसतं, म्हणून जरा नीट बोलू.

पहिल्यांदा, एका मुलीला दोन-तीन ठिकाणी नंबर लागतो तरी कसा, ते बघू. दारं वेगवेगळी आहेत म्हणून. सरकारी दंत महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा देशपातळीवर भरतात, उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या. राज्याचं काम मुंबईचा सीईटी सेल करतो. त्याच फेऱ्यांमधून खासगी महाविद्यालयांतल्याही बहुतेक जागा भरतात. खासगीमध्ये काही जागा संस्थेच्या कोट्यातल्या असतात, त्यांची फी वेगळी. आणि अभिमत विद्यापीठं म्हणजे डीम्ड, त्यांचं सगळं वेगळं. नीट मात्र प्रत्येक ठिकाणी लागतेच. "नीटशिवाय करून देतो" असं सांगणारा माणूस चहा पाजण्याच्याही लायकीचा नाही.

म्हणजे राज्याच्या फेरीत एक कॉलेज, देशाच्या फेरीत दुसरं आणि डीम्डमध्ये तिसरं असं होऊ शकतं. पण धरून एकच ठेवता येतं, कारण मूळ कागदपत्रं एकाच ठिकाणी जमा होतात. राज्याच्या फेरीत लागलेलं कॉलेज घेऊन पुढच्या फेरीत आणखी चांगलं मिळतंय का याची वाट बघता येते. मात्र वरचं मिळालं की खालचं आपोआप जातं, ते परत मागता येत नाही. आणि "हेच ठेवायचं" असा स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरून दिला की पुढच्या फेऱ्या आपल्यासाठी बंद. हा फॉर्म कॉलेजातला क्लार्क पुढे सरकवतो आणि आपण घाईत सही करतो. तिथं थांबायचं. घरी येऊन, वाचून, मग सही. कोणत्या फेरीनंतर सोडलं तर अनामत जाते, हे नियम वर्षाला बदलतात, त्या वर्षाची माहितीपुस्तिका मुलीनं स्वतः वाचायला पाहिजे. डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलीला पुस्तिका वाचायला कंटाळा येऊन कसं चालेल?

आता निवड कशावर करायची. लोक काय बघतात? कमान. काचेची बिल्डिंग. वेबसाईटवरचे फोटो. कॉलेजचं नाव व्याह्यांना माहीत आहे का. मी तुम्हाला सांगते, राज्यातली डीम्ड सोडून सगळी दंत महाविद्यालयं, सरकारी असोत की खासगी, नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत. पेपर तेच, पदवी तीच. चार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप, मग राज्य दंत परिषदेत नोंदणी. माझ्या दवाखान्यात भिंतीवर माझं प्रमाणपत्र लावलंय. इतक्या वर्षांत एकाही पेशंटनं ते वाचलेलं नाही. दाढ काढताना दुखलं का, एवढंच तो दुसऱ्याला सांगतो.

दाढ न दुखवता काढणं पुस्तकात येत नाही. ते हाताला येतं. पहिली दोन वर्षं शरीररचना, औषधं, मेणाचे दात कोरणं, प्लास्टरचे साचे हे चालतं, ते सगळीकडे कमीअधिक सारखंच. खरा फरक तिसऱ्या वर्षापासून पडतो. तेव्हा मुलीला खुर्ची मिळते आणि खुर्चीवर माणूस बसावा लागतो. इतके दात काढायचे, इतकी सिमेंटं भरायची, इतक्या कवळ्या बनवायच्या, असं ठरलेलं काम प्रत्येकीनं पूर्ण करायचं असतं. आता कॉलेजात शंभर मुलं आणि बाहेर बाकावर दहा पेशंट असतील तर काय होईल? मुलं आपापसात पेशंट वाटून घेतात, ओळखीच्या माणसाला गाडीभाडं देऊन आणतात, कुणी वॉचमनच्या चांगल्या दातांचीच परत परत सफाई करतं. काम भरतं, हात भरत नाही.

कवळीचंच बघा. एका आजोबांची पूर्ण कवळी करायची तर माप घ्यायचं, मेणावर चावा घ्यायचा, दात लावून बघायचे, मग पक्की कवळी द्यायची, आणि टोचली की पुन्हा घासायची. पाच-सहा चकरा होतात. कॉलेज गावाबाहेर फाट्यापासून तीन किलोमीटर आत, तिथं एसटी थांबत नाही, तर सत्तरीचे आजोबा दुसऱ्या चकरेनंतर येत नाहीत. अर्धवट कवळी आणि रडकुंडीला आलेली विद्यार्थिनी, दोन्ही तिथंच राहतात. म्हणून मी आयांना विचारते, "कॉलेजजवळ एसटी थांबते का?" त्यांना वाटतं मी मुलीच्या येण्याजाण्याचं विचारतेय. मी पेशंटचं विचारत असते.

मुंबईतलं शासकीय दंत महाविद्यालय सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात आहे, महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय मुंबई सेंट्रलला, नागपूरचं तिथल्या मेडिकलच्या आवारात. छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय आहे. मोठं रुग्णालय शेजारी असलं की अपघातात जबडा मोडलेला येतो, तोंडाचा कॅन्सर येतो, गुटखा खाऊन दोन बोटंही तोंड उघडत नाही असा पोरगा येतो. (गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे बरं का. तोंडं तरी बंद होतायत.) असं सगळं जिनं शिकताना पाहिलंय ती उद्या आपल्या गावात मावशीच्या गालाच्या आतला पांढरा चट्टा बघून म्हणेल, "हे साधं नाही, आजच पुढं दाखवा." मला बाकी कशाहीपेक्षा हे जास्त मोलाचं वाटतं, कारण आपल्याकडे मिसरी किती जणी लावतात ते मला या बसलेल्या रांगांवरूनच दिसतंय. हसू नका.

पण सरकारी म्हणजे चांगलं आणि खासगी म्हणजे वाईट, असंही डोळे मिटून धरू नका. काही खासगी कॉलेजं स्वतःची बस खेड्यांत पाठवतात, शिबिरं घेतात, कमी पैशांत उपचार करतात, आणि त्यांचे बाक भरलेले असतात. म्हणून जाऊन बघायचं. मुदत दोन-चार दिवसांचीच असली तरी एक दिवस काढायचा. मधल्या वारी, सकाळी साडेदहाला, कुणाला न कळवता. केसपेपरच्या खिडकीजवळ अर्धा तास बसायचं आणि माणसं मोजायची. मग एखाद्या इंटर्न मुलीला गाठून विचारायचं, "ताई, तू आजवर किती दाढा काढल्यास? कवळीचा पेशंट कुणी आणला, कॉलेजनं की तू?" ती खरं सांगते. प्राचार्य माहितीपत्रक देतात.

आता पैसा. इथं तुम्ही माझ्यापेक्षा हुशार आहात, गटाच्या वह्या तुम्ही लिहिता.

दोन वर्षांपूर्वी आपल्याच एका सखीच्या मुलीसमोर तीन पर्याय होते. ओबीसी कुटुंब, पाच एकर कोरडवाहू. राज्याच्या फेरीतून घरापासून दीड तासावरचं खासगी कॉलेज. देशाच्या कोट्यातून मध्य प्रदेशातलं एक सरकारी. आणि मोठ्या शहरातलं एक डीम्ड, हे मामांनी शोधलेलं. मामा म्हणाले, "नाव मोठं आहे, मशिनरी परदेशी आहे, कर्ज करू, उद्या कमावेल ती."

मी म्हटलं, मामा, बसा, हिशेब करू. डीम्डची फी वर्षाला समजा ६ लाख धरली तर चार वर्षांचे २४ लाख. राहणं-खाणं वेगळं. बँकेचं शैक्षणिक कर्ज १० टक्क्यांनी धरलं, म्हणजे आपल्या भाषेत शेकडा रुपयाच्याही आत, दिसायला स्वस्त. पण २४ लाख दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता येतो ३१ हजार ७०० च्या आसपास. हप्ता शिक्षण झाल्यावर सुरू होतो, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून साचतं, ते यात धरलेलंच नाही. आणि एवढ्या रकमेला बँक जमीन तारण मागणार. ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, पुढे हमीच्या योजना आहेत, २४ लाखांना सातबारा लागतोच. आता पास झालेल्या मुलीला आमच्या तालुक्यात दुसऱ्याच्या दवाखान्यात सुरुवातीला १५-२० हजार मिळतात. हप्ता ३१ हजार. बाकीचे कुठून आणायचे? मामा गप्प झाले. माणूस वाईट नव्हता, हिशेब कुणी मांडून दाखवला नव्हता एवढंच.

राज्याच्या फेरीतल्या जागेचा हिशेब मात्र वेगळा निघाला, आणि हे प्रत्येकीनं लक्षात ठेवा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं, २०२४-२५ पासून, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाख किंवा कमी असेल तर, व्यावसायिक शिक्षणाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. खासगी विनाअनुदानित कॉलेजातही. पण प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतूनच झालेला पाहिजे. संस्थेच्या कोट्यातून घेतला, सवलत गेली. खासगी डीम्डमध्ये घेतला, सवलत गेली. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलींसाठी शिष्यवृत्ती आधीपासून वेगळी आहे, वसतिगृह नाही मिळालं तर स्वाधार आणि स्वयम् योजना आहेत. म्हणजे एकाच कॉलेजात दोन मुली शेजारी बसतात, एकीचं शिक्षण शुल्क शून्य, दुसरीच्या बापानं शेत गहाण टाकलेलं. फरक फक्त कोणत्या दारानं आत आली याचा.

माफ होतं ते शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. बाकीचं भरावं लागतं: वसतिगृह, मेस, विकास निधी. आणि अवजारं. ही अवजारं आया विसरतात. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याला मेण कोरायच्या सुऱ्या, प्लास्टर, सरावाचे जबडे, दात कोरायचं हॅण्डपीस, बरंचसं स्वतःला विकत घ्यावं लागतं, आणि दर वर्षी नवी यादी येते. वरच्या वर्गातल्या मुलीकडून जुनं मिळतं, ते घ्या, लाजू नका. कॉलेजला सांगून सगळ्या खर्चाचा लेखी तक्ता मागा, आणि एक प्रश्न नक्की विचारा: फी चार वर्षांची की पाच? इंटर्नशिपच्या वर्षी विद्यावेतन देता का, किती? खासगी कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि जाहीर करतं. त्याच्यावर एक रुपयाही मागितला, रोख मागितला, पावती नाही म्हणाले, तर तो गुन्हा आहे. कॅपिटेशन फी बंदीचा कायदा राज्यात १९८७ पासून आहे.

कर्ज काढायचंच झालं तर बँकेचं शैक्षणिक कर्ज काढा. फीसाठी मायक्रोफायनान्सच्या दारात जाऊ नका. आठवड्याचा हप्ता आणि पाच वर्षांचं शिक्षण यांचा मेळ बसत नाही. गटातून घ्यायचं तर अवजारांपुरतं, प्रवासापुरतं घ्या. आणि हे लक्षात ठेवा की शिक्षण संपलं म्हणजे खर्च संपला असं नाही. दवाखाना टाकायला खुर्ची लागते, कॉम्प्रेसर, एक्स-रे, अवजारं उकळायचं यंत्र, गाळ्याची अनामत. काही लाख तिथं जातात. कॉलेजात वाचवलेला पैसा ही तिची खुर्ची आहे. कर्जात बुडालेली मुलगी गावात दवाखाना टाकू शकत नाही, शहरात दुसऱ्याच्या खुर्चीवर उभी राहते.

राहिली दोन. आई म्हणत होती जवळचं, मुलगी म्हणत होती मध्य प्रदेश. आईची भीती मला कळत होती. पण आपल्या खानदेशातून इंदूर मुंबईपेक्षा जवळ आहे, बसनं सकाळी निघालं की संध्याकाळच्या आत पोचतो. नुसत्या "परराज्य" या शब्दाला घाबरायचं कारण नाही. घाबरायचं तर वसतिगृह नसण्याला घाबरा.

मायलेकी वही घेऊन दोन्हीकडे जाऊन आल्या. सरकारी कॉलेजात गर्दी जिन्यापर्यंत, रुग्णालय शेजारी, शिकायला सोनं. पण मुलींचं वसतिगृह भरलेलं, पहिलं वर्ष बाहेर खोली घ्यावी लागणार होती. आपल्या राज्याची माफी तिथं धरता येत नव्हती, तरी सरकारी असल्यानं डीम्डच्या पासंगालाही फी नव्हती. जवळच्या कॉलेजात बाक साडेबारापर्यंत भरलेला, कॉलेजची बस दोन खेपा करते, इंटर्न मुलीनं दाढांचा आकडा न अडखळता सांगितला. जबड्याची मोठी शस्त्रक्रिया मात्र तिथं क्वचित. वसतिगृह आवारातच, वॉर्डनबाई तिथंच राहतात. शिक्षण शुल्क माफ.

आणखी एक गोष्ट मी त्यांच्यासमोर ठेवली. पुढं एमडीएस करायचं असेल तर निम्म्या सरकारी जागा देशपातळीवर भरतात, पण राज्याच्या कोट्यात बीडीएस कुठल्या राज्यातून केलं याला महत्त्व येतं. परराज्यात जाणाऱ्या मुलीनं हा नियम आधी वाचून जावं.

मी तिच्या जागी असते तर सरकारी घेतलं असतं. गर्दीतच शिकायला मिळतं, हे माझं मत आहे आणि ते मी तिला सांगितलं. तिनं जवळचं घेतलं. म्हणाली, "मॅडम, तिथले पेशंट अहिराणी बोलतात. आजी कुठं दुखतं ते सांगते तेव्हा मला पटकन कळेल." शिकायचं तिला होतं, मी कोण बोलणार? सध्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत आली की दवाखान्यात येऊन माझी जुनी अवजारं उलटीपालटी करते, आणि जी आवडतात ती परत ठेवत नाही.

मुलीला विचारायचं राहून जातं, ते आवर्जून सांगते. तिच्यासमोर बसून काका, मामा, सरपंच, कोचिंगवाले सर सगळे बोलतात आणि ती चहा आणून देते. जाऊन बघायला तिलाच न्या. बाक तिनं मोजावा. वसतिगृहाची खोली, संडास, रात्री फाटकावर कोण असतं हे आईनं बघावं, ते बापाच्या डोळ्याला दिसत नाही. रॅगिंगचा त्रास झाला तर देशाची एकच हेल्पलाईन आहे, १८००-१८०-५५२२, ती नंबर वहीत लिहून द्या, मोबाईल हरवतो. घरी येण्याजाण्याला एसटीत आपल्याला निम्मं तिकीट आहे, त्यामुळे महिन्याला एक चक्कर आईनं मारायला हरकत नाही. अचानक मारा.

आणि कागदं. ज्यांच्या मुली आत्ता अकरावी-बारावी सायन्सला आहेत त्यांनी जात वैधतेचा अर्ज कॉलेजमार्फत आत्ताच टाका. नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, सगळं मेच्या आधी काढून ठेवा. निकालानंतर तहसीलमध्ये जी रांग लागते ती तुम्ही पाहिलीय. एक दाखला नाही म्हणून आरक्षणाची जागा जाते, आणि मग ज्या दारातून शुल्क माफ होतं ते दारच बंद होतं. सीआरपी ताईंना माझी विनंती आहे की गावाच्या बैठकीत अशा मुलींची यादी करा. मी महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी दवाखान्यात मोकळी असते, कॉलेजचं पत्र आणि खर्चाचा तक्ता घेऊन या, आपण वहीवर मांडू. दात दाखवलाच पाहिजे असं नाही.

बस, माझं एवढंच. आता तुम्ही विचारा. मागच्या रांगेतल्या हिरव्या लुगड्यातल्या मावशींनी मघापासून हात वर धरलाय. बोला मावशी.